साबुदाण्याचा कंद : गोड आणि कडू

आषाढी एकादशीच्या आदल्या सायंकाळीं अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर यांपैकीं कोणत्याही उपनगरांतील वाण्याच्या दुकानाशीं घटकाभर उभें राहिलें, तर एकच मागणी वारंवार कानीं पडते : साबुदाणा, शेंगदाणे आणि वरी. रात्रीं निजण्यापूर्वीं घरोघरीं साबुदाणा धुऊन भिजत घातला जातो, आणि सकाळीं त्याची मोकळी, लुसलुशीत खिचडी पानांत पडते. उपासाला धान्य वर्ज्य, म्हणून हें कंदाचें अन्न. परंतु हा कंद कोणता, तो कोठें पिकतो, त्याचें झाड कसें असतें, असें विचारल्यास चांगल्या सुशिक्षित घरांतही उत्तर मिळेलच असें नाहीं. पुष्कळांना साबुदाणा हें एखाद्या झाडाचें बीं वाटतें. ज्या कंदापासून हा पांढराशुभ्र, निरुपद्रवी दाणा तयार होतो, त्यांत मुळांत एक प्राणघातक विष असतें, असें सांगितल्यास तर हातांतला घास हातांतच राहावयाचा. घास थांबविण्याचें वस्तुतः कारण नाहीं. मात्र त्या विषाचें पुढें काय होतें, आणि त्याच्याबरोबर आणखी काय काय निघून जातें, हें गृहिणींनीं समजून घेण्यासारखें आहे.

या कंदास मराठींत साबुकंद म्हणतात. टॅपिओका, कसावा हीं त्याचीं परदेशांतून आलेलीं नांवें. केरळांत तो ‘कप्पा’ म्हणून, तर तमिळ मुलुखांत ‘मरवळ्ळी’ म्हणून ओळखला जातो. वनस्पतिशास्त्रांत त्याचें नांव ‘मॅनिहॉट एस्क्युलेंटा’ असें असून तो एरंडाच्या कुळांतला आहे. ‘साबु’ हें नांव मात्र त्याचें स्वतःचें नव्हे. मलाया आणि त्याच्या पूर्वेकडील बेटें यांत ‘सागू’ नांवाचें एक ताडाच्या जातीचें झाड होतें. त्याच्या खोडांतील गाभा कुटून व धुऊन जें पीठ निघतें, त्याचे दाणे करून पूर्वीं देशोदेशीं पाठवीत. पुढें नांव त्या ताडाचें राहिलें आणि दाण्यांतील ऐवज तेवढा साबुकंदाचा झाला.

साबुकंदाचें माहेर दक्षिण अमेरिकेंत, ब्राझीलच्या बाजूस. तेथील मूळच्या रहिवाशांनीं हजारों वर्षांपूर्वीं त्याची लागवड सुरू केली. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं तो आफ्रिकेंत नेला, आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही तो त्यांच्याच हातून उतरला असें मानतात. खिचडींतील साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची हे चारही जिन्नस मूळचे अमेरिका खंडांतले आहेत, ही गोष्ट मौजेची खरी. एकादशीच्या ताटांत त्यांना मानाचें स्थान मिळालें तें अलीकडच्या कांहीं शतकांतच.

त्रावणकोर संस्थानांत या पिकाला राजाश्रय मिळाला तो विशाखम् तिरुनाळ रामवर्मा महाराजांच्या कारकीर्दींत, म्हणजे १८८० ते १८८५ या काळांत. महाराजांना वनस्पतिशास्त्राची आवड होती, आणि तांदूळ अपुरा पडणाऱ्या आपल्या प्रजेसाठीं त्यांनीं या कंदाच्या लागवडीस उत्तेजन दिलें. त्याचें खरें मोल पुढें साठ वर्षांनीं कळून आलें. १९४२ सालीं जपानी सैन्यानें मलाया, सिंगापूर आणि ब्रह्मदेश काबीज केले, तेव्हां दोन वाटा एकदमच बंद झाल्या. ब्रह्मदेशाचा तांदूळ येईना, म्हणून त्रावणकोरांतील गोरगरिबांचें पोट साबुकंदावर येऊन पडलें. आणि पूर्वेकडचा साबुदाणा येईना, म्हणून तो आपल्याच देशांत तयार करण्याची निकड भासूं लागली. १९४३ च्या सुमारास सेलम येथें माणिकम् चेट्टियार यांनीं, पिनांगकडे हा धंदा पाहून आलेले पोपटलाल शाह यांच्या साहाय्यानें, साबुकंदापासून साबुदाणा करण्यास प्रारंभ केला. आरंभीं घरगुती स्वरूपाचा असलेला हा उद्योग पाहतां पाहतां वाढला. तेथील कारखानदारांची ‘सॅगोसर्व्ह’ ही सहकारी संस्था १९८१ मध्यें स्थापन झाली. आज भारतांत खपणारा बहुतेक साबुदाणा सेलम आणि त्याच्या शेजारचे जिल्हे यांतून येतो. महाराष्ट्रांत या पिकाची लागवड थोडी, पण त्याच्या दाण्याचा खप मात्र फार मोठा आहे.

साबुकंदाचें झाड पुरुषभर किंवा त्याहून थोडें उंच वाढतें. पानें हाताच्या पंजाप्रमाणें पांच-सात बोटांचीं असतात. लागवडीसाठीं बीं पेरीत नाहींत. जुन्या खोडाचीं वीतभर लांबीचीं कांडीं जमिनींत उभीं रोंवतात. दोन झाडांमध्यें साधारणतः ९० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास हेक्टरीं सुमारें १२,००० झाडें बसतात. कांड्याला मुळें फुटतात आणि त्यांतील कांहीं मुळें पानांनीं तयार केलेलें पिष्ट सांठवीत फुगत जातात. म्हणजे बटाटा जसा जमिनीखालील खोडाचा भाग, तसा साबुकंद हा नव्हे. तो रताळ्याप्रमाणें फुगलेलें मूळच आहे. एका झाडाखालीं असे पांच ते दहा कंद मिळतात. लवकर येणाऱ्या जाती सहा-सात महिन्यांत, तर इतर जाती दहा महिन्यांच्या आसपास काढणीस येतात.

हें पीक गरिबाचें म्हणून प्रसिद्ध आहे, आणि तें सकारण. हलकी जमीन त्याला चालते. पाऊस ओढ देऊं लागला, तर झाड पानें गाळून तग धरतें आणि पाऊस येतांच पुन्हा पालवतें. कंद काढण्याचीही घाई नसते. गरज पडेपर्यंत ते जमिनींतच राहूं शकतात. त्याचा एक दोष मात्र मोठा आहे. एकदां जमिनींतून काढला कीं कंद दोन-तीन दिवसांतच आंतून निळसर-काळ्या रेघांनीं बिघडूं लागतो. म्हणूनच ज्या देशांत तो पिकतो, तेथें तो लगेच शिजवितात, वाळवितात, किंवा त्याचें पीठ करितात.

उत्पन्नाच्या बाबतींत भारत या पिकांत जगांत अग्रेसर आहे. जगाची सरासरी हेक्टरीं दहा ते बारा टनांच्या आसपास घोटाळते, तर भारताची तीस टनांच्या वर आहे. याचें श्रेय एकीकडे तमिळनाडूंतील पाटपाण्याच्या शेतीस, तर दुसरीकडे तिरुवनंतपुरम् जवळील श्रीकार्यम् येथें १९६३ मध्यें स्थापन झालेल्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेस द्यावें लागेल. या संस्थेनें १९७१ सालीं एच-९७, एच-१६५ आणि एच-२२६ या संकरित जाती प्रसृत केल्या. एच-१६५ हेक्टरीं ३३ ते ३८ टन देते, पण तिच्यांत पिष्टाचें प्रमाण शेंकडा २३ ते २५ च असतें. एच-२२६ चें उत्पन्न ३० ते ३५ टन, पण पिष्ट शेंकडा २८ ते ३०. म्हणून कारखानदारांची आवड तिच्याकडे. याउलट मलायाहून आलेली एम-४ ही जात वजनांत या दोहोंच्या मागें पडते, तरी केरळांतील घरांत तिलाच मान आहे. कारण ती मऊ शिजते, चवीस गोड लागते आणि कडवट नसते. कारखान्याला हवी ती जात वेगळी आणि स्वयंपाकघराला हवी ती वेगळी, असा हा भेद आहे. आणि तो समजून घ्यावयाचा तर कंदाच्या पोटांत काय आहे हें पाहिलें पाहिजे.

ताज्या, सोललेल्या कंदांत शेंकडा साठ ते पासष्ट भाग पाणी असतें. उरलेल्या भागांत बहुतेक सारें पिष्ट. प्रथिन शेंकडा एक-दीड भाग, स्निग्धांश अर्ध्या भागाहूनही कमी, आणि क्षार सुमारें एक भाग. ‘क’ जीवनसत्त्व मात्र बऱ्यापैकीं, म्हणजे शंभर ग्रॅम कंदांत वीस मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असतें. तांदळांत प्रथिन शेंकडा सात, गव्हांत बाराच्या आसपास आणि शेंगदाण्यांत पंचविसाच्या घरांत असतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे साबुकंद हें पोट भरणारें, पण शरीर बांधण्यास अपुरें अन्न आहे, हें उघड होतें. या बाबतींत गोड आणि कडू जातींत म्हणण्यासारखा भेद नाहीं. त्यांना वेगळें करणारी गोष्ट अगदीं अल्प प्रमाणांत असते, आणि तेंच तें विष.

साबुकंदाच्या पेशींत ‘लिनामरीन’ नांवाचें एक द्रव्य असतें, आणि त्याच्या जोडीला थोडें ‘लोटॉस्ट्रॅलिन’. लिनामरीन म्हणजे साखरेच्या कणाशीं जखडून ठेवलेलें विष. जोंवर तें जखडलेलें आहे, तोंवर स्वस्थ असतें. त्याच पेशीच्या भिंतींत ‘लिनामरेज’ नांवाचें एक एन्झाइम, म्हणजे विरजणाप्रमाणें अल्प प्रमाणांत मोठें कार्य करणारें द्रव्य, वेगळें ठेवलेलें असतें. कंद कापला, किसला, चावला किंवा उंदराडुकरानें कुरतडला कीं पेशी फुटतात, दोन्ही द्रव्यें एकत्र येतात, साखर सुटी होते आणि शेवटीं हायड्रोसायानिक आम्ल बाहेर पडतें. प्राण्यांपासून स्वतःचें रक्षण करण्याची ही त्या झाडाची युक्ति आहे. सुदैवाची गोष्ट अशी कीं हें आम्ल सुमारें २६ अंश सेल्सियस उष्णतेसच उकळतें. त्यामुळें मोकळें झालेलें विष वाऱ्यावर आणि वाफेबरोबर सहज उडून जातें.

हें रसायन महाराष्ट्राला अगदींच अनोळखी नाहीं. पावसानें ताण दिल्यामुळें खुरटलेली कोंवळी ज्वारी खाल्ली तर गुरें दगावतात, हें देशावरील प्रत्येक शेतकरी जाणतो. तेथेंही घातक द्रव्य हेंच. आणि साबुकंदाची रीतही ज्वारीसारखीच : अवर्षणाच्या वर्षीं, किंवा निकस जमिनींत, त्याच जातीचे कंद अधिक विषारी होतात.

पूर्वीं वनस्पतिशास्त्रज्ञ गोड आणि कडू साबुकंद या दोन स्वतंत्र जाती मानीत आणि त्यांना दोन निरनिराळीं लॅटिन नांवें देत. आतां ही समजूत टाकून देण्यांत आली आहे. दोन्ही एकाच जातीचे. भेद तो केवळ विषाच्या प्रमाणाचा. १९५४ सालीं बोल्हुइस या शास्त्रज्ञानें त्यांची वर्गवारी केली ती अशी : एक किलो ताज्या, सोललेल्या कंदांतून ५० मिलिग्रॅमपेक्षां कमी विष निघत असेल तर तो निर्धोक, ५० ते १०० पर्यंत मध्यम विषारी, आणि १०० च्या वर गेल्यास धोक्याचा. गोड जातींत विष मुख्यतः सालींत असतें आणि गरांत थोडें. कडू जातींत तें गरांतही भरपूर पसरलेलें असतें.

येथें एक सावधगिरीची सूचना अवश्य आहे. काकडीचें टोक कापून चाखून पाहण्याची रीत आपल्या घरांत आहे, आणि ती चांगलीच आहे. साबुकंदाला मात्र ती लावूं नये. कडूपणा आणि विष यांचें नातें सर्वसाधारणपणें खरें असलें, तरी तें दरवेळीं जुळतेंच असें नाहीं. शिवाय ‘निर्धोक’ हा शब्दही शिजविलेल्या कंदापुरताच खरा. या विषाची मारक मात्रा माणसाच्या वजनाच्या दर किलोमागें अर्ध्यापासून साडेतीन मिलिग्रॅमपर्यंत धरतात. ५० मिलिग्रॅमच्या मर्यादेवरचा अर्धा किलो कंद कच्चाच खाल्ला, तर पोटांत २५ मिलिग्रॅम विष जाऊं शकेल. ५० किलो वजनाच्या माणसाच्या बाबतींत तें या हिशोबाच्या खालच्या टोकाशीं येऊन भिडतें, आणि लहान मुलाच्या बाबतींत तर तें पार ओलांडतें. गोड असला तरी साबुकंद कच्चा खाऊं नये, याचें कारण हें आहे.

मग कडू जाती लोक लावतात तरी कशाला ? एक तर उंदीर, डुकरें आणि चोर त्यांच्या वाटेस सहसा जात नाहींत. दुसरें, पिष्टासाठीं त्या पुष्कळ ठिकाणीं अधिक सोयीच्या पडतात. आणि तिसरें, विष काढून टाकण्याची विद्या त्या लोकांजवळ आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यांतील स्त्रिया कडू कंद किसून तो कीस वेताच्या लांबट विणलेल्या पिशवींत भरतात, पिशवी ताणून रस पिळून काढतात आणि उरलेला चोथा तव्यावर भाजतात. आफ्रिकेंत कंद तीन-चार दिवस पाण्यांत कुजवून मग वाळवितात. ठाणें-रायगडच्या डोंगरांतील वारली आणि कातकरी रानांतला कडू कंद राखेच्या पाण्यांत उकळून वाहत्या ओढ्यांत रात्रभर ठेवतात, त्याच जातीची ही विद्या आहे. कंद निराळा, विष निराळें. पण कापावें, धुवावें आणि धीर धरावा हा धडा एकच.

हा धीर जेथें सुटला, तेथें काय झालें, तें इतिहासांत नमूद आहे. १९३८ सालीं त्या वेळच्या बेल्जियन काँगोंत काम करणाऱ्या त्रोली या डॉक्टरानें एका विचित्र रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. धडधाकट माणसाचे, आणि विशेषतः बायकामुलांचे पाय एकाएकीं ताठरून जात, आणि ते पुन्हा कधींच पूर्ववत् होत नसत. तेथील लोक या रोगाला ‘कोंझो’, म्हणजे ‘बांधलेले पाय’, असें म्हणत. १९८१ सालीं मोझांबिकच्या नांपुला प्रांतांत मोठें अवर्षण पडलें, आणि हजाराहून अधिक माणसें या रोगानें पंगू झालीं. पाऊस नसल्यानें कंद अधिक कडू झाले होते; दुसरें अन्न नव्हतें; आणि भुकेल्या माणसांना कंद भिजवून वाळविण्यास लागणारे दिवस परवडण्यासारखे नव्हते. दुसरेंही एक कारण होतें. शरीरांत गेलेलें थोडें विष निकामी करण्यास गंधक लागतो, आणि तो मिळतो प्रथिनांतून. डाळ, मासळी, दूध यांपैकीं कांहींच ताटांत नसल्यामुळें शरीराला तें काम करतां आलें नाहीं. विष आणि दारिद्र्य यांनीं मिळून तो घाला घातला.

यावरचा एक उपाय पुढें ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञ हॉवर्ड ब्रॅडबरी यांनीं शोधून काढला, आणि तो कोणत्याही स्वयंपाकघरांत करतां येण्याइतका सोपा आहे. साबुकंदाचें पीठ पाण्यानें ओलें करावयाचें, त्याचा पातळ थर पसरावयाचा, आणि तो सुमारें दोन तास उन्हांत किंवा पांच तास सावलींत ठेवावयाचा. तेवढ्या वेळांत उरलेलें लिनामरीन फुटतें व विष उडून जातें. काँगोंतील ज्या गांवांत स्त्रियांनीं ही रीत उचलली, तेथें नवे रोगी होण्याचें थांबलें.

आतां सेलमच्या कारखान्याकडे वळूं. तेथें कंद धुऊन, सोलून यंत्रानें बारीक ठेचतात, आणि भरपूर पाण्याबरोबर चाळण्यांतून गाळतात. चोथा निघतो तो गुरांच्या खाद्यास जातो. दुधासारखें पांढरें पाणी हौदांत निवळत ठेवलें कीं तळाशीं पिष्ट बसतें आणि वरचें पाणी काढून टाकतात. ओलसर पिष्ट हलवून हलवून त्याचे दाणे वळवितात, ते चाळून सारख्या आकाराचे करितात, आणि तव्यावर भाजून किंवा वाफवून मग उन्हांत वाळवितात. वाफविलेला तो बाजारांत ‘नायलॉन साबुदाणा’ म्हणून मिळतो. या एकाच कामांत ठेचणें, धुणें, तापविणें आणि वाळविणें हीं विषनाशाचीं चारही साधनें ओळीनें येऊन जातात. कंद कारखान्यांत कडवट असला, तरी दाणा वाण्याकडे येईपर्यंत त्यांत भिण्यासारखें कांहीं उरत नाहीं.

पण पाणी निवड करीत नाहीं. ज्या धुण्यानें विष गेलें, त्याच धुण्यानें कंदांतलें थोडेंसें प्रथिन, ‘क’ जीवनसत्त्व आणि क्षारही वाहून गेले. वाळलेल्या साबुदाण्यांत शेंकडा ८८ च्या आसपास पिष्ट आणि अकरा भाग पाणी असतें. प्रथिन अर्ध्या भागाइतकेंही नसतें. आजाऱ्याला किंवा तान्ह्या मुलाला साबुदाण्याची पेज पचण्यास हलकी म्हणून देतात, तें योग्यच. पण तेवढ्यावरच दिवसचे दिवस काढले, तर पोट भरूनही शरीर उपाशी राहतें. जेथें जेथें लोक हा कंद खातात, तेथें तेथें त्यांनीं त्याच्याजवळ प्रथिनाची जोड नेऊन ठेवली आहे. केरळीय माणूस कप्प्याबरोबर माशांचें कालवण घेतो, आणि महाराष्ट्रीय गृहिणी खिचडींत दाण्याचें कूट घालून वर दह्याची वाटी ठेवते. कूट हें केवळ चवीसाठीं नव्हे. खिचडीला अन्नपण येतें तें त्यामुळेंच.

ताज्या कंदाची गोष्टही उपनगरांतील घरांना आतां परकी राहिलेली नाहीं. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या भागांत केरळीय कुटुंबांची वस्ती बरीच असल्यानें त्यांच्या दुकानांत कप्पा विकावयास येतो, आणि शेजारधर्मानें तो मराठी स्वयंपाकघरांतही शिरतो. घेतांना त्याचें टोक कापून पाहावें. गर पांढरा असावा आणि त्यांत निळसर-काळ्या रेघा नसाव्यात. वरची तपकिरी पातळ साल व तिच्याखालची जाड, पांढरट साल अशा दोन्ही पूर्णपणें काढून टाकाव्यात. गराचे लहान तुकडे करून ते भरपूर थंड पाण्यांत घालावे, आणि झांकण न ठेवतां उकळावे. पाणी हळूहळू तापत असतां एन्झाइमला काम करण्यास अवधि मिळतो, मोकळें झालेलें विष वाफेबरोबर जातें, आणि उरलेलें लिनामरीन पाण्यांत उतरतें. म्हणूनच तें पाणी ओतून द्यावें, आणि पुन्हा ताजें पाणी घालून कंद मऊ होईतों शिजवावा. थोड्या पाण्यांत, कुकरमध्यें शिजवून तेंच पाणी भाजींत मुरविणें या कंदाच्या बाबतींत काटकसरीचें नव्हे. भाजीचें पाणी फुकट घालवूं नये हा नियम इतर सर्व भाज्यांना लागू आहे. कप्प्याचें पाणी मात्र निःशंक ओतून द्यावें, आणि एकादशीच्या खिचडींत दाण्याचें कूट हात आंखडून घालूं नये.